पानं फुटायच्या आधीचं ऊन

झाडाला पालवी फुटली तेव्हा बागेतल्या सगळ्यांना आनंद झाला. आम्ही दोघं सोडून.

बाकावरच्या आजींनी मान वर करून "अगं बाई, काय कोवळी आहे!" म्हटलं. एका जोडप्याने फोटो काढले. माळीकाका तर कमरेवर हात ठेवून असे उभे राहिले, जणू प्रत्येक पान त्यांनी स्वतः डिंक लावून चिकटवलं होतं. माझी ताई मात्र झाडाखाली उभी राहून वर बघत होती. एक्स-रेमध्ये नको ते दिसल्यावर डॉक्टर बघतात, तशी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"पानं आहेत," मी म्हटलं.

"ते कळतंय मला. कशाला आली?"

पानं कशाला येतात हे शाळेत शिकवलं होतं, पण ते त्यांच्या बाजूने शिकवलं होतं.

ताईची अडचण अशी की त्या झाडाला लागून एक खोली होती, खोलीवर छप्पर होतं, आणि छपरावर ताईची सौर पॅनेलं होती. पूर्वी त्या खोलीत चाकांचे बूट भाड्याने मिळायचे. बूट गेले, वास राहिला. त्या वासात ताईला एक केंद्र उभं करायचं होतं. उन्हापासून, वाऱ्यापासून वीज कशी होते ते बागेत येणाऱ्या कुणालाही आत येऊन बघता यावं, हात लावून शिकता यावं, तेही फुकट. त्यासाठी तिने नफा न कमावणारी संस्था काढली. यातलं नफा न कमावण्याचं काम आम्हाला पहिल्या दिवसापासून उत्तम जमत होतं.

त्याआधी ती वीज कंपनीत इंजिनियर होती. कायमची नोकरी, स्वतःचं टेबल, टेबलावर स्वतःचं रोपटं. ती सोडताना तिच्या साहेबांनी विचारलं होतं, "जागा ठेवू का काही दिवस?" ताई म्हणाली, "नको, भरून टाका." आणि त्यांनी खरंच भरली. आता तिच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसतं आणि तिच्या रोपट्याला पाणी घालतं. थोडक्यात, परत जायचं दार तिने स्वतः लावून घेतलं होतं आणि पुढचं दार म्हणजे ही बुटांच्या वासाची खोली.

तीही अजून आमची नव्हती. बाग अधिकारी मॅडमनी खोली दिली होती ती तात्पुरती, एका अटीवर. अट त्यांनी तोंडी सांगितली आणि मग पुन्हा सांगितली, कारण ताई मान डोलावण्यात गुंतली होती.

"खोली तुमच्या विजेवर चालली पाहिजे. बागेच्या तारेला हात लावायचा नाही. हवा चांगली झाली की मी पाहणीला येईन. दिवा, पंखा, पडद्यावरची फिल्म, सगळं मी असेपर्यंत तुमच्या विजेवर चाललेलं दिसलं, तर किल्ली तुमची. नाही दिसलं, तर खोली मंडळाला."

मंडळ म्हणजे बागेत सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांना घर नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष हा विषय काढत तेव्हा त्यांचा आवाज भरून यायचा. ते निवृत्त होते, पांढरे बूट घालायचे आणि बागेत इतक्या जोरात चालायचे की समोरून येणाऱ्याला आपणच काहीतरी चुकवलंय असं वाटायचं.

"बाळा," ते मला भेटतील तेव्हा म्हणायचे, "ऊन काय, सगळीकडे आहे. खुर्चीला मात्र छप्परच लागतं."

हे चुकीचं आहे हे मला कळायचं. पण नक्की कुठे चुकीचं आहे, ते ते पुढे निघून गेल्यावर सुचायचं.

ताईने अट मान्य केली ती झाडं बोडकी होती तेव्हा. आणि निष्काळजीपणे नव्हे. ती आठवडाभर टेप घेऊन बागेत हिंडली. दिव्याच्या खांबाची सावली मोजली. शौचालयाच्या पाइपाची मोजली. जवळच्या पुतळ्याची मोजली. नुसत्या पुतळ्याची नव्हे, त्याच्या नाकाची वेगळी, कारण ते जरा पुढे होतं. मग घरी पुठ्ठ्याची बाग केली, टॉर्चचा सूर्य केला आणि तो मला हातात धरून जेवणाच्या टेबलाभोवती फिरायला लावलं. पुठ्ठ्याच्या बागेत झाडही होतं. झाडाच्या जागी तिने खराट्याची काडी रोवली होती. काडीची सावली काडीएवढीच पडली. ताईने टाळी वाजवली.

सूर्याचा वर्षभराचा सगळा कार्यक्रम तिला तोंडपाठ होता. झाडाचाही काही कार्यक्रम असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आता रोज थोडी थोडी पानं वाढत होती आणि रोज थोडी थोडी वीज कमी होत होती. खरं तर थोडी थोडी नाही, धाडधाड कमी होत होती. एक सावली नुसती कोपऱ्यावरून सरकली तरी आतला पंखा म्हाताऱ्या माणसासारखा उसासा टाकून थांबायचा. बॅटरी होती, पण ती कुणीतरी दान दिलेली. दान देण्यासारखी का झाली होती ते वापरल्यावर कळलं. काही मिनिटं दम धरायची, मग डोळे मिटायची.

"फांदी छाटायची परवानगी मागूया," मी म्हटलं.

ताईने खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर तिनेच रंगवलेली पाटी होती: हिरवं जग, आपलं जग. शेजारी हसऱ्या झाडाचं चित्र.

तरीही मी माळीकाकांकडे हळूच विषय काढला. त्यांनी हातातला पाइप बंद केला. "एक पान जरी कमी झालं," ते म्हणाले, "तर मी आधी तुमच्याकडे येईन."

पॅनेलं दुसरीकडे ठेवायची तर गवतावर 'गवतावर चालू नये'ची पाटी, पायवाटेवर फिरणारे, फुलांच्या वाफ्यात फुलं. जिथे ऊन होतं तिथे मनाई होती आणि जिथे मनाई नव्हती तिथे झाड होतं. मॅडमचा फोन आला, "हवा काय सुंदर झालीय हो! परवा येते." ताईने फोन खाली ठेवला आणि खोलीतल्या एकमेव खुर्चीवर बसून कपाळ टेबलाला टेकवलं.

"तळं," मी म्हटलं.

"काय तळं?"

"तळ्यावर झाड नाही."

बागेच्या मधल्या तळ्यात पायडल मारून चालवायच्या होड्या होत्या. सगळ्या हंसाच्या आकाराच्या. दोन माणसं आत बसतात, पाय मारतात, हंस निर्विकार चेहऱ्याने पुढे सरकतो. मी म्हटलं, एक पॅनेल हंसाच्या पाठीवर बांधू, हंस तळ्याच्या मध्यावर उभा करू, वायर रिकाम्या बाटल्यांवर तरंगवत काठापर्यंत आणि तिथून झुडपांमागून खोलीत आणू. मी हे विनोद म्हणून बोललो होतो. ताईने डोकं वर केलं तेव्हा तिच्या कपाळावर टेबलाची रेघ उमटली होती आणि डोळ्यांत असं काहीतरी होतं की मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले.

"अट काय आहे? वीज आपली पाहिजे," ती म्हणाली. "ही आपलीच आहे. आपलीच आहे ना? आपलीच आहे."

ताई एखादी गोष्ट एकदा म्हणाली की तिला ती पटलेली असते. जितक्या जास्त वेळा म्हणेल तितकी कमी.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी हंसात बसलो तेव्हा पहिला प्रश्न निघाला तोलाचा. पॅनेल मागे, मी एकटा एका बाजूला, त्यामुळे हंस आकाशाकडे बघत तिरका उभा राहिला. दुसऱ्या सीटवर वजन हवं होतं. ताईला खोलीत परत जाऊन पाहुण्यांची तयारी करायची होती. त्याच वेळी आई, जी फक्त डबा द्यायला आली होती, धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "हे कसलं केंद्र गं बाई?"

"आई, बस," ताई म्हणाली.

"कुठे बसू? खुर्ची आहे का कुठे?"

"हंसात."

आईने तिच्याकडे बघितलं, हंसाकडे बघितलं. मुलगी इंजिनियर झाली त्या दिवशी काढलेल्या फोटोत आईचा जो चेहरा आहे त्याच्या नेमका उलटा चेहरा करून ती पर्ससकट हंसात बसली. हंस लगेच सरळ झाला.

होडीवाले काका धक्क्यावर घंटेजवळ बसलेले असत. त्यांनी आमचं तिकीट फाडलं. "अर्धा तास. घंटा झाली की परत यायचं."

"काका, आम्ही आज जरा जास्त वेळ आहोत. एकदमच तिकिटं द्या ना सगळी."

"एका फेरीला एक तिकीट. फेरी संपते धक्क्यावर. पुढची सुरू होते धक्क्यावरून."

"पण आम्ही फेरी मारतच नाही, नुसते उभे राहणार."

"मग घाई कसली," काका म्हणाले.

आम्ही तळ्याच्या मध्यावर गेलो. मागे बाटल्यांची रांग, त्यावरून वायर. ऊन असं लख्ख होतं की हंसाच्या चोचीवरचा उडालेला रंगही चमकत होता. मी वायर जोडली. काठापलीकडे, झाडाच्या सावलीत, खोलीची खिडकी होती आणि खिडकीत ताईने एक बल्ब लावून ठेवला होता, मला दिसावा म्हणून. तो पेटला.

"पेटला," मी म्हटलं.

"घरीपण पेटतो," आई म्हणाली.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. त्यांच्यासोबत अध्यक्ष आले आणि अध्यक्षांसोबत अख्खं मंडळ आलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण पाहणीच्या वेळी खोलीत किती माणसं मावतात हेही दिसावं अशी त्यांची इच्छा असावी. सगळे आत गेले. दार लागलं. आता मला फक्त बल्ब दिसत होता. ताई आत काय बोलतेय, मॅडम हसल्या का, पंखा फिरतोय का, काही कळायला मार्ग नव्हता. जगात आता फक्त तो बल्बच उरला होता आणि मी त्याच्याकडे इतका टक लावून बघत होतो की डोळे मिटले तरी पापणीमागे तो दिसायचा. मग प्रश्न पडायचा, हा खरा की पापणीमागचा?

"पाय मार," आई म्हणाली. "वारा फिरवतोय आपल्याला."

खरंच फिरवत होता. हंस हळूहळू वळत होता आणि पॅनेल उन्हाकडे पाठ करायला लागलं होतं. वारा हासुद्धा आमच्या केंद्राचा विषय होता, पण तो दुसऱ्या भिंतीवर होता. आम्ही पाय मारून हंस सरळ केला. तो पुन्हा वळला. आम्ही पुन्हा सरळ केला.

"नोकरीत होती," आई पाय मारत म्हणाली, "तेव्हा लोकांची वीज गेली की तिला फोन यायचा. आता हिचीच गेली तर हिने कुणाला करायचा?"

"आई, आत्ता नको."

"मी काय म्हणतेय? मी पाय मारतेय." मग हळूच म्हणाली, "मिळेल ना रे तिला खोली?"

"मिळेल."

"नाही मिळाली तर?"

"पाय मार, आई."

ती पाय मारायला लागली. पर्स तिने छातीशी धरली होती, बुडालो तर ती तरी वाचावी म्हणून असेल.

घंटा झाली.

"हंस नंबर चार! या!" काका ओरडले.

मी हात हलवला. काकांनी पुन्हा घंटा वाजवली, या वेळी जरा मनाला लावून. आम्ही वायर सोडली आणि धक्क्याकडे निघालो. जीव खाऊन पाय मारले. हंसाला त्याचं काही नव्हतं. तो आपल्या चालीने चालला. मी सारखा मागे वळून बघत होतो. बल्ब पिवळा होता. मग नारिंगी झाला. धक्क्याला टेकलो, काकांनी तिकीट फाडलं, फाडताना ते नीट रेषेवर फाटतंय ना ते बघितलं.

"काका, लवकर!"

"लवकर फाडलं की वाकडं फाटतं."

परत मध्यावर पोचलो तेव्हा बल्ब विझायच्या बेतात आलेल्या निखाऱ्याएवढा राहिला होता. मी वायर जोडली. तो हळूहळू पुन्हा पिवळा झाला. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आई म्हणाली, "डबा आणायला हवा होता बरोबर."

दुसऱ्यांदा घंटा झाली तेव्हा खिडकीवर पडदा ओढला गेला होता. याचा अर्थ फिल्म सुरू झाली होती. फिल्मलाच सगळ्यात जास्त वीज लागायची. फिल्म चालू असताना वायर सुटली तर बॅटरी मिनिटभरही टिकणार नाही, हे मला माहीत होतं. आता बल्बही दिसत नव्हता, फक्त पडद्याच्या कडेने उजेडाची एक रेघ.

"चार नंबर!"

"काका, पाच मिनिटं!"

"चार नंबर, वेळ संपली!"

मी वायरीकडे हात नेला. आईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. मग धक्क्याकडे वळली. शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी खिडकीतून भांडताना तिचा जो आवाज लागतो, तो लागला. "अहो, माझी मुलगी आत शिकवतेय! जरा थांबा की!"

"बाई, नियम आहे!"

"असू दे! आम्ही नाही येत!"

होडीवाल्या काकांच्या आयुष्यात असा प्रसंग कधी आला नसावा. ते क्षणभर घंटेची दोरी धरून उभेच राहिले. मग उठले, हंस नंबर सात सोडला आणि आमच्याकडे निघाले.

पायडलच्या होडीने पाठलाग ही गोष्ट वेळ घेते. काका येताना दिसत होते. बराच वेळ येताना दिसत होते. आम्ही दूर जायला लागलो, पण वायर बांधलेली असल्यामुळे आम्हाला एका गोलातच फिरता येत होतं. काका आतल्या बाजूने आले. दोन हंस, एकमेकांभोवती, अतिशय सावकाश, दोन्हींच्या चेहऱ्यावर तोच भाव. "थांबा!" काका धापा टाकत म्हणायचे. "तुम्ही थांबा!" आई धापा टाकत म्हणायची. बाटल्या एकमेकांवर आपटत होत्या. मग सात नंबरच्या हंसाच्या मानेत वायर अडकली, ताणली गेली आणि फट् करून निघाली.

पडद्याच्या कडेची रेघ गेली.

खोलीचं दार उघडलं. आधी मंडळातले दोघं-तिघं डोकावले, मग सगळेच बाहेर आले, मग अध्यक्ष, मग मॅडम, आणि शेवटी ताई. झुडपांतून गेलेली वायर कुणाच्या तरी पायात आली असावी, कारण ते सगळे ती धरून धरूनच काठापर्यंत आले. तोवर काकांनी आमच्या हंसाला स्वतःच्या हंसामागे बांधून काठाला आणलं होतं. आई पर्स सावरत उतरली. मी उतरलो. हंसाच्या पाठीवर पॅनेल चमकत होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

अध्यक्षांनी पॅनेलकडे, बाटल्यांकडे, हंसाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "तरंगतं प्रदर्शन आहे का? छान कल्पना आहे हो!"

ते कौतुकाने म्हणाले की टोमणा मारला ते मला आजही कळलेलं नाही, पण त्या क्षणी ते आमच्यासाठी उघडलेलं दार होतं. मी ताईकडे बघून जोरजोरात मान हलवली. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मॅडमही वाट बघत होत्या. त्यांनाही 'हो' चाललं असतं असं मला वाटलं.

"नाही," ताई म्हणाली. "मी चुकले. झाड मोजलं तेव्हा त्याला पानं नव्हती. पानं येतील हे माझ्या लक्षात आलं नाही. छपरावरची पॅनेलं आता चालत नाहीत. तुम्ही आत बघितली ती वीज या हंसाची होती."

मॅडमनी मान वर करून झाडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. "खोली दिली त्या दिवशी मीपण चढले होते छपरावर," त्या म्हणाल्या. "मलापण नुसतं ऊनच दिसलं." मग त्यांनी गळ्यातला स्कार्फ सरळ केला आणि त्या पुन्हा अधिकारी झाल्या. "पण अट खोलीची होती. तळ्याची नाही."

"हो."

"मग खोली मंडळाला द्यावी लागेल."

"हो," ताई म्हणाली. ते 'हो' इतकं सरळ होतं की आईने माझा दंड घट्ट धरला. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी हंसाकडे बघितलं. तिथेही काही आधार नव्हता.

तेवढ्यात मंडळातल्या एक आजी, ज्यांनी कदाचित मधलं काहीच ऐकलं नव्हतं, वर बघत म्हणाल्या, "पण मला एक कळत नाही. सावली तर एवढीशी पडतेय, कोपऱ्यात. मग थोडीशी वीज कमी व्हावी. सगळी कशी गेली?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. तिचा पडलेला चेहरा मी माझ्या डोळ्यांनी उचलला जाताना बघितला. आधी भुवया, मग मान.

"कारण पॅनेलमध्ये एकच तुकडा नसतो," ती म्हणाली. "खूप छोटे छोटे असतात, सेल म्हणतात त्यांना. ते एका रांगेत जोडलेले असतात, हात धरल्यासारखे. थांबा, तुम्ही सगळे हात धरा. असं. रांगेत."

मंडळाला रांगेत उभं राहायची सवय नव्हती, पण सकाळी व्यायाम करायची होती, त्यामुळे ते पटकन झालं. आजींनी अध्यक्षांचा हात धरला, अध्यक्षांनी पुढच्या आजोबांचा, असं करत रांग तळ्याच्या काठाने वळत गेली. होडीवाले काका भांडायला आले होते. त्यांचाही एक हात कुणीतरी धरला.

"डावीकडून हात दाबला गेला की तुम्ही उजवीकडे दाबायचा. ती वीज. आई, तू त्या टोकाला उभी राहा. तू बल्ब."

"मी काय करू?"

"वीज आली की हात वर कर."

ताईने पहिल्या माणसाचा हात दाबला. रांगेतून काहीतरी सरकत गेलं. दिसत नव्हतं, पण प्रत्येकाचे खांदे जरासे हलायचे. आईने एकदम हात वर केला. "आली गं!"

"आता काका, तुम्ही सावलीत आहात," ताई अध्यक्षांना म्हणाली. "तुमच्यावर पान आहे. तुम्ही पुढे दाबायचं नाही."

"मी का?"

"कुणीतरी पाहिजे ना."

पुन्हा हात दाबला गेला. खांदे हलत आले आणि अध्यक्षांपाशी थांबले. पलीकडे सगळे वाट बघत उभे. आई हात अर्धवट उचलून उभी. "अहो, येत नाहीये काही!" ती ओरडली.

"बघा," ताई म्हणाली. "पान एकाच्याच डोक्यावर आहे. बाकी सगळे उन्हात. पण वीज कुणाचीच पुढे जात नाही."

"ओह," आजी म्हणाल्या.

"ओह," मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले. आमच्या केंद्रात कुणाला काही कळल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो केंद्रात आलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

"हे बरोबर नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझ्यामुळे सगळं अडलं असं दिसतंय. मला उन्हात करा. मी व्यवस्थित दाबतो."

"करते. आता सगळे उन्हात. पुन्हा पहिल्यापासून."

याच वेळी मॅडम रांगेच्या पुढून चालत आल्या. त्यांनी पर्समधून खोलीची किल्ली काढली होती. ताईने ती बघितली नाही. ती रांगेच्या सुरुवातीला कुणाला तरी "जोरात नाही, नुसतं दाबायचं" असं समजावत होती. मी बघितली. मॅडम अध्यक्षांसमोर थांबल्या आणि किल्ली पुढे केली.

अध्यक्षांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्या. दोन्ही हात धरलेले.

"आत्ता नाही घेता येणार," ते म्हणाले.

"हात सोडा ना क्षणभर."

"सोडला की सगळ्यांची जाईल."

मॅडम किल्ली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. इकडे तिकडे बघितलं. बसायला काही नव्हतं. त्यांचा फोन वाजायला लागला. शेवटी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "यांचे हात मोकळे झाले की यांना द्या," त्या म्हणाल्या आणि फोन कानाला लावून पायवाटेने फाटकाकडे गेल्या.

माझे हात ओले होते. किल्ली निसटेल म्हणून मी ती मुठीत आवळली. ताईला अजून दिसली नव्हती. ती थांबली, मागे वळली, की दिसणार होती. ती थांबू नये असं मला वाटत होतं. आणि ती थांबणारच, कारण धडा केव्हा ना केव्हा संपतोच. मी अध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिलो.

"काका, हात मोकळे झाले की सांगा."

त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं, मग झाडाखालच्या बंद खिडकीकडे. काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात डावीकडून आजींनी हात दाबला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जबाबदारी आली.

"थांब रे," ते म्हणाले, "वीज आलीय." आणि त्यांनी उजवीकडच्या आजोबांचा हात दाबला.